बिनआवाजाची मॅट

दुकानाच्या मधोमध अंथरलेल्या मॅटवर गौतमी सांगळे डोळे मिटून आडवी झाली होती आणि तिची थोरली बहीण विशाखा तिच्या कानाशी स्टीलचा मग चमच्याने बडवत होती. पहिल्या ठणक्यांना गौतमी दचकली. मग तो आवाज हळूहळू लांब गेला, विरला आणि नाहीसा झाला. बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या, पंखा ऐकू येत होता.

"थांबलीस का गं?" तिने विचारलं.

"थांबले कुठे? हात दुखायला लागला माझा!"

गौतमीने डोळे उघडले. चमचा मगावर आपटतच होता. ती कोपरावर उठली, डोकं मॅटच्या कडेपासून जरा वर आलं आणि खणखणाट एकदम कानात शिरला.

सकाळपासून तिने दुकानातल्या सगळ्या मॅटवर लोळून पाहिलं होतं. फोमची मॅट हलकी आणि मुकी, पण सॅकच्या बाहेर वळकटी लोंबकळणार आणि बर्फावर गारठा वर येणार. हवा भरायच्या मॅट उबदार आणि घडी केली की मुठीत मावणाऱ्या, पण कूस बदलली की वेफर्सची पिशवी चुरगाळल्यासारख्या वाजणाऱ्या. विशाखाकडे तसलीच एक जुनी होती. जवळच्या गडांवरच्या मागच्या दोन ट्रेकमध्ये त्या कुरकुरीने गौतमीला झोपू दिलं नव्हतं, आणि आता तर लाहौलमधली खिंड ओलांडायची होती. ही नवी मॅट हातात घेतली तर ओल्या रुमालाएवढीही जड वाटत नव्हती.

"आवाज म्हणजे हवेतली लाट," दुकानदार दातीर सांगू लागले. "तिच्या उंचवट्यावर बरोबर तेवढाच खळगा आणून ठेवला की लाट सपाट. उशाशी ही जी कड उभी राहते ना, ती तेच करते. उलट लहर सोडते."

विशाखाची उभी हयात सिन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली होती. तिने चष्मा वर सरकवला. "ते कळलं. पण कुठला आवाज मारायचा, हे तिला कोण सांगतं?"

"ज्याची झोप, तोच सांगतो. यातले तंतू अंगाखालून नाडी टिपतात. एखाद्या आवाजाने नाडी पुन्हा पुन्हा दचकायला लागली, की तो आवाज झोपेच्या मुळावर आलाय असं मॅट धरून चालते आणि तो बंद करते. अलार्म, भोंगा, कुणी मोठ्याने मारलेली हाक, एवढं मात्र आत येऊ देते."

"ताई, तुलाही घेऊ या एक," गौतमी म्हणाली.

"मला नको बाई. सगळी चाळ जागी असताना झोपणारी मी. माझी जुनीच बरी."

गौतमीने आग्रह केला नाही. खरं तर ताई या ट्रेकला येतेय, हेच तिच्या पचनी पडलं नव्हतं. ऑफिसातल्या दणकट मैत्रिणींबरोबर जायचं घाटत होतं. त्यात विशाखा निवृत्त झाली आणि सहज म्हणाली, "मलाही ने ना एकदा बर्फात." आईच्या माघारी जिने वेण्या घातल्या, डबे केले, तिला नाही कसं म्हणणार? मैत्रिणी गळल्या. उरल्या दोघी बहिणी.

लाहौलमध्ये सुरुवातीचे मुक्काम छान गेले. विशाखा सावकाश चालायची, फुलांपाशी थांबायची, वाटाड्या तेनझिनला खडकांचे थर दाखवून प्रश्न विचारायची. गौतमी पुढे जाऊन सॅक टेकवून वाट बघत बसायची. रात्री तंबूत मात्र स्वर्ग होता. ताईच्या मॅटची कुरकुर पहिल्याच रात्री गायब झाली होती. गौतमी लहान मुलासारखी झोपत होती.

खिंडीच्या पायथ्याशी पोचल्यावर विशाखाला खोकला लागला.

"हवा कोरडी आहे गं," ती म्हणाली. "घसा खवखवतोय नुसता."

त्या रात्री गौतमी खोकल्याने पुन्हा पुन्हा जागी झाली. प्रत्येक वेळी छातीत धस्स व्हायचं. एकदा तिने ताईच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा गरम पाणी दिलं. एकदा मात्र ती तशीच पडून राहिली आणि मनात आलं, झालं, आता परत फिरावं लागणार.

सकाळी तेनझिनने विशाखाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली आणि तोंड वाकडं केलं. "आज वर जायचं नाही. इथेच थांबू. रात्री खोकला वाढला तर सरळ खाली."

दिवसभर विशाखा उन्हात बसून राहिली. बसल्यावर तिला बरं वाटायचं. संध्याकाळी तिने थोडा भातही खाल्ला. त्या रात्री गौतमीची झोप एकदाही मोडली नाही.

उजाडल्यावर बाहेर बर्फ पडत होतं. तेनझिनने तंबूची चेन उघडून हिंदीत विचारलं, "दीदींचा खोकला कसा होता रात्री?"

"थांबला," गौतमी म्हणाली. तिचा आवाज आनंदाने भरला होता. "रात्रभर खोकल्या नाहीत त्या."

विशाखा पाठमोरी बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने काहीतरी म्हणायला मान वळवली. धाकटीचा उजळलेला चेहरा तिने पाहिला आणि पुन्हा बुटाकडे वळली.

"मग बर्फ थांबेपर्यंत थांबू," तेनझिन म्हणाला. "खोकला असता तर या बर्फातही उतरलो असतो."

दुपारी करण्यासारखं काहीच नव्हतं. खिचडी खाऊन दोघी आपापल्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरल्या. तंबूवर बर्फ भुरभुरत होतं. तेवढा एक आवाज ऐकत गौतमीचा डोळा लागला.

ती जागी झाली ती गारठ्याने. तंबूची चेन अर्धवट उघडी होती आणि फटीतून मळकट उजेड आत येत होता. त्या उजेडात विशाखा तिच्या पायथ्याशी ओणवी झाली होती, एक हात चेनवर, दुसरा गौतमीच्या बॅगच्या टोकावर. ओठ निळे पडले होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि त्याचा कसलाही आवाज नव्हता.

स्वप्न पडतंय असं वाटून गौतमी क्षणभर बघतच राहिली. मग ती ताडकन उठून बसली.

डोकं कडेच्या वर आलं आणि तंबू आवाजाने भरून गेला. हुक्क्यासारखी गुडगुडणारी छाती, फुटका, ओला खोकला, आणि त्या खोकल्यात अडकलेलं, तुकडे झालेलं तिचं स्वतःचं नाव. "गौ... गौत..."

"ताई! कधीपासून? ताई, कधीपासून होतंय?"

विशाखाने नुसता हात हलवला. खूप वेळ झाला, असा त्याचा अर्थ होता.

तेनझिन धावत आला. जवळचं ऑक्सिजनचं छोटं नळकांडं विशाखाच्या तोंडाला लावलं आणि सामानाच्या घोड्यावर बसवून, दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी तिला खाली न्यायला सुरुवात केली. फुप्फुसात पाणी झालं होतं. उंचीवर होतं तसं, आणि त्यावर उतरणं हाच उपाय. बर्फात वाट दिसत नव्हती, घोडं पुढे जाईना. नळकांडं संपलं. नदीच्या अलीकडे विशाखाने गौतमीच्या खांद्यावर मान टाकली. लहानपणी एसटीत गौतमी तिच्या खांद्यावर टाकायची तशी. ती पुन्हा उचलली नाही.

दिवाळीनंतर मॅट बनवणाऱ्या कंपनीतून कुलथे नावाचा इंजिनियर नाशिकला गौतमीच्या घरी आला. तरुण होता, नखं खात होता. वकिलाने जाऊ नको म्हटलं असतानाही आलो, असं त्याने बसता बसताच सांगितलं. तपासासाठी दिलेल्या मॅटमधली सगळी नोंद कंपनीने उलगडून पाहिली होती.

"मॅट बिघडली नव्हती," तो म्हणाला. "तिला शिकवलं होतं तसंच तिने केलं. खोकल्याच्या पहिल्या रात्री प्रत्येक खोकल्याला तुमची नाडी जोरात उसळली. तिने तो आवाज बंद केला. तुमचं नाव आत यायला हवं होतं. पण आवाज क्षीण होता आणि खोकल्यात गुंतलेला. तिला दोन्ही एकच वाटले."

"मी घाबरले होते," गौतमी म्हणाली. "माझी बहीण खोकत होती. जीव उडत होता माझा. आणि तुमच्या मॅटला वाटलं, मला त्रास होतोय?"

"तेच तर." कुलथे पुढे सरकला. "काळजीने उसळलेली नाडी आणि वैतागाने उसळलेली नाडी यांत फरक असणारच, असं आम्ही धरून चाललोय. तो सापडला तर यापुढे काळजीचे आवाज आम्ही कधीच बंद होऊ देणार नाही. तुमच्या त्या रात्रीचे सगळे ठोके आमच्याकडे आहेत. काही ठोके एका तऱ्हेचे आहेत, काही दुसऱ्या. कुठले कशाचे, ते आम्हाला कळत नाही. ते फक्त तुम्हीच सांगू शकाल."

त्याने टॅब्लेट टीपॉयवर ठेवला. पडद्यावर एक रेघ होती, चढउतारांची, डोंगररांगेसारखी. तिच्यातल्या एका टोकावर त्याने बोट टेकवलं.

"हा सगळ्यात मोठा. यानंतर लगेच मॅटने खोकला बंद केला. मॅडम, आठवून सांगा. या वेळी तुम्हाला काय वाटलं होतं?"

गौतमी त्या टोकाकडे बघत राहिली. ताईच्या पाठीवरून हात फिरवला, तो क्षण हा? की तशीच पडून राहिली, तो?