छप्पन्न खाटा, एक सिस्टर

"कुशीवर! कुशीवर वळवा तिला!" मी वॉर्डाच्या या टोकाकडून ओरडले खरी, पण त्याआधीच कुणीतरी तिला वळवलं होतं.

एस्नाथ नावाची सतरा-अठरा वर्षांची पोर झटक्यांनी खाटेवर उसळत होती. माझ्या हातात दुसऱ्याच बाईचा दंड, सुई अर्धी शिरेत… सोडून धावणार कशी? आणि तिकडे एक उंच, सडपातळ माणूस एस्नाथची मान सावरत, ओठांवरचा फेस टिपत, तिच्या आईला हळूच सांगत होता, "तोंडात चमचा नका घालू, आई. जरा वारा येऊ द्या."

मी पोचले तोवर झटके थांबले होते.

"तुम्ही कोण?"

"ग्वामाका. बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. खिडकीजवळ माझी मावशी आहे, न्यूमोनियाची."

"मोबाइलवाल्याला हे कुणी शिकवलं?"

"मोबाइलही थरथरतात, सिस्टर… हलक्या हातानं धरावे लागतात." असं म्हणून त्यानं माझ्याकडे जे पाहिलं — मी उगाचच घड्याळाकडे बघितलं.

बायकांच्या वॉर्डात छप्पन्न खाटा, आणि दिवसपाळीला मी एकटी. अंघोळ, भरवणं, अंथरूण बदलणं नातेवाईकच करत. बाहेर आंब्याखाली त्यांच्या चुली पेटत, मक्याच्या पिठाचा घट्ट एन्सिमा घोटला जाई आणि जवळच्या सरोवरावरचा वारा तो धूर थेट वॉर्डात आणून सोडी. पुरुषांना फक्त भेटीच्या वेळीच आत सोडत; तेव्हा ग्वामाका रोज मावशीसाठी भात आणि सरोवरातली तळलेली उसिपा मासळी आणायचा. हळूहळू डब्यात दोन मासे जास्त यायला लागले.

"जेवलात?"

"हो."

"खोटं. ओठ सुकलेत तुमचे."

"पेशंटचे ओठ बघा, माझे कशाला बघता?"

"मावशीचे बघून झाले…"

एस्नाथ आता शुद्धीवर आली होती. तो दारात दिसला की ही अशक्त पोर उशीवरून हाक मारी, "सिस्टर, तुमचा मोबाइल आला!" आसपासच्या खाटा हसत. मी लटकं रागवायची, आणि कान मात्र तापलेले असायचे.

मला इंग्लंडमधली नोकरी पक्की झाली होती. हे ग्वामाकाला अजून सांगितलं नव्हतं… का, कोण जाणे. तिथून फोनवर म्हणाले होते, आमच्याकडे एका नर्सकडे आठ. मी विचारलं होतं, "आठ खाटा की आठ वॉर्ड?" फोनवरची बाई खूप हसली होती.

मग तो दिवस आला.

मलेरियानं एस्नाथच्या अंगात रक्त उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलं. सुरुवातीला खाटेजवळून हलायचं नसतं, कुणाकुणाला ते रक्त सोसत नाही. मी हललेच नसते. पण पार दाराजवळ दम्याची बाई निळी पडली, तिची मुलगी माझा हात धरून ओढायला लागली… मी गेले.

परत आले तेव्हा एस्नाथची आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

"आत्ता कुठे झोपलीय, सिस्टर. मघापासून नुसती खाजवत होती."

मी मनगट धरलं. मग गळ्याला बोटं लावली. आई वारा घालतच होती. मेलेल्या लेकीच्या पांघरुणाची कड त्या वाऱ्यानं हलत होती… मी रक्ताची नळी बंद केली.

भेटीची वेळ झाली तेव्हा ग्वामाका आला. एस्नाथच्या दंडावर उठलेल्या गांधी त्यानं पाहिल्या, मग वर लटकणारी रक्ताची पिशवी.

"रक्त सोसलं नाही. जवळ कुणी नव्हतं?"

"मी दाराशी होते." आणि मग लख्ख काहीतरी चमकलं. "तुम्हाला काय ठाऊक रक्त सोसलं नाही ते?"

त्यानं हातातला डबा खाली ठेवला.

"मी नर्स आहे, सिस्टर. पास होऊन तीन वर्षं झाली. जागाच निघत नाहीत. आमच्या वर्गातलं कुणी मासे विकतं, कुणी सायकलवरून माणसं वाहतं."

"म्हणजे तिचा इथे जीव जात होता, तेव्हा एक नर्स गेटबाहेर… भेटीची वेळ व्हायची वाट बघत बसला होता?"

"हो."

ते एकच अक्षर मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. कुणावर ओरडावं तेच कळेना. मी तशीच मेट्रनबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचेही डोळे भरले. "माझ्या हातात असतं तर आजच घेतला असता ग, पोरी. पण या वॉर्डाला दिवसपाळीची मंजूर जागा एकच. तू जाते आहेस ना? तू गेलीस की त्याचं नाव पाठवते. एक गेली तर एक येतो. दोन नाही."

एक गेली तर एक. बाहेर येऊन मी पायरीवर बसले.

संध्याकाळी आंब्याखाली ग्वामाका मावशीचा डबा घासत होता. मी इंग्लंडचं सांगून टाकलं, आणि मेट्रनबाईंचंही.

"म्हणजे मी गेले की माझी जागा तुम्हाला मिळेल."

त्याचे हात राखेत थांबले.

"मला तुझी जागा नको, तुसेकिले." पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं. "तुझ्या शेजारची हवी."

"वॉर्डात दुसरी जागाच मंजूर नाही…"

"वॉर्डातली कोण म्हणतंय?"

चुली विझत आल्या होत्या. मला त्याच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

"तिथे आठच पेशंट असतात," मी पुटपुटले. "आठ."

"जा मग. खरंच जा. मी इथले छप्पन्न सांभाळेन आणि वाट बघेन. रागावणार नाही."

"नाही जात मी." माझ्याच तोंडून ते ऐकून मी दचकले.

"वेड लागलंय तुला?"

"उद्या मेट्रनबाईंकडे जाऊ. दोघं. दुसरी जागा मागू. नाही म्हणाल्या तर त्यांनाच सोबत घेऊन वरच्या साहेबांकडे. एस्नाथच्या आईलाही विचारू, येते का."

"आणि त्यांनीही नाही म्हटलं तर?"

"तर शेजारची जागा तुला दिलेलीच आहे की…"

त्याच्या राखेनं भरलेल्या बोटांनी माझी बोटं हलकेच धरली. तेवढ्यात वॉर्डातून कुणाची तरी घाबरी हाक आली — "सिस्टर!"

आम्ही दोघंही उठलो.