उणे सहा

कंट्रोलरवर दोन अंश दिसत होते आणि आतला बांगडा नासला होता.

अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या त्या कोल्ड रूमचे मालक केनी यांनी गुप्तहेर मटिल्डा तुस्कानो यांना सकाळीच बोलावून घेतलं. नंदाखालच्या एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला इथलाच बांगडा गेला होता. बावीस माणसं ओकून, अंगावर गांधी उठून बेजार झाली. एक आजोबा अजून इस्पितळात होते.

"सालोमीनं दार उघडं टाकलं," केनी म्हणाले. "देखरेख तिची. कालच तिला घरी बसवलं. पण ती कबूल होत नाही."

"कंट्रोलर कुठंय?"

केनी तोंड उघडणार, तोच बाईंचा मदतनीस ॲल्रॉय क्रेटांच्या रांगेमागं जाऊन कंट्रोलरच्या पेटीचं झाकण उघडूही लागला. बाईंकडे येण्याआधी तो फ्रीज-एसी दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी तो इथंही येऊन गेला होता. त्यात काय सांगायचं, असं वाटून तो गप्प राहिला.

सालोमीला बोलावणं गेलं. पन्नाशीची ती बाई दारातच उभी राहिली.

"काकी, डुलकी लागली असेल," ॲल्रॉय दरडावून म्हणाला. "खरं काय ते सांगून टाका."

"नाय लागली. दार लावून मी हातानं ढकलून बघते." तिचा आवाज बसला होता. "नि ते यंत्रच चार दिवस गप्प गप्प असायचं. आधी सारखं घरघरायचं."

"चारच दिवस?" बाईंनी विचारलं.

"स्टॅनीनं नवा सेन्सर लावला तवापासून."

केनींनी आधीच बोलावून ठेवलेला इलेक्ट्रिशियन स्टॅनी लगेच म्हणाला, "जुना पार मेला होता, मॅडम. नवा लावला, आकडा आला, मी निघालो. सेटिंगचा पासवर्ड मला माहीतच नाही."

"सेन्सर बनावट असणार," ॲल्रॉय म्हणाला.

बाईंनी बादलीत बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं. "वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं." तापमान मोजणारा सेन्सर त्यात बुडवला. आकडा उतरत उतरत उणे सहावर थांबला. त्यांनी स्वतःच्या पिशवीतला दुसरा सेन्सर जोडला. पुन्हा उणे सहा.

ॲल्रॉयच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला सगळं आठवलं.

बाईंनी सगळ्यांना समोर बसवलं.

"दार उघडं असतं तर गरम हवेनं कॉम्प्रेसर थांबलाच नसता. तो तर गप्प होता, म्हणजे आत गारवा पुरेसा आहे अशी कंट्रोलरची समजूत झाली होती. सालोमी निर्दोष. दोन वेगळे सेन्सर एकच चूक दाखवतात, म्हणजे सेन्सरही चांगले, स्टॅनीही. खोट कंट्रोलरमध्येच. सेन्सरच्या आकड्यातून तो सहा वजा करतो. आत आठ अंश, पडद्यावर दोन."

"पण का?" केनींनी विचारलं.

"जुना सेन्सर सहा अंश जास्त दाखवत असणार. कुणीतरी तो बदलण्याऐवजी सेटिंगमध्ये सहा वजा केले आणि कुठं लिहूनही ठेवलं नाही. जुना सेन्सर होता तोवर हिशेब जुळत होता. नवा सेन्सर बरोबर आला, वजाबाकी तशीच राहिली. आणि ज्यानं ती केली, त्याला पासवर्ड माहीत होता, आणि ही पेटी कुठं आहे तेही."

"आधी दुरुस्तीचं सगळं माझे बाबा बघायचे. ते आता नाहीत. कोण आलं होतं, कसं कळणार?" केनी म्हणाले.

बाईंनी ॲल्रॉयकडे पाहिलंही नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"मी आलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी जवळ सेन्सर नव्हता, म्हणून सहा वजा करून ठेवले. उद्या आणून लावतो म्हणालो आणि आलोच नाही." तो सालोमीकडे वळला. "आणि आज काकींनाच खोटं पाडत होतो."

केनींनी सालोमीला परत कामावर यायला सांगितलं. ती हललीच नाही.

"माझ्या गल्लीत सगळे म्हणतात, मी लोकांना विष घातलं," ती ॲल्रॉयला म्हणाली. "तिथं येऊन सांगशील?"

तो तिच्या मागून चालत गेला. गल्लीत बायका ओट्यांवर मासळी साफ करत बसल्या होत्या. तो मान खाली घालून बोलला. चूक माझी होती, काकींची नव्हती. शब्द त्याचे त्यालाच जेमतेम ऐकू आले.

सालोमीनं पदरानं तोंड पुसलं.

"जरा मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "समोरच्या घरी ऐकू जात नाय."