पहिली तार तंगुसाची

टण्ण्!

पोस्टाच्या एवढ्याशा खोलीत आवाज घुमला आणि माझ्या हातून गिटार सुटता सुटता राहिली. पहिली तार, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात नाजूक, तुटून माझ्या मनगटाला चावली होती.

"काय मॅडम, जाळं फाटलं काय?"

खिडकीच्या गजांपलीकडे एक जण उभा होता. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लिफाफा आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेलं हसू.

"पोस्ट बंद झालंय," मी मनगट चोळत म्हटलं.

"बंद झालंय? मग ही मैफल कुणासाठी?"

आता काय सांगणार? मी राजापूरची. पहिलीच नोकरी, आणि नेमणूक थेट पूर्णगडला... टपाल उरकलं की दुपार संपता संपत नसे. खिडकीबाहेर खाडी, खाडीपलीकडे पाऊस. एकटीला सोबत म्हणून गिटार आणली, आणि महिन्याभरात सोबतीणही अशी फटकन रुसली.

"रत्नागिरीला मिळेल तार?"

"मिळेल. पण तोवर..." त्याने खिशातून एक छोटं रीळ काढलं. "तंगूस. ह्याच्यात सुरमई अडकते, सूर अडकायला काय हरकत?"

मासे धरायचा नायलॉनचा दोरा गिटारीला? मी हसलेच. पण त्याने गजांतून हात आत घातला आणि मी गिटार त्याच्यापुढे धरली. का धरली, कोण जाणे! त्याने तंगुसाच्या टोकाला खाली अडकून राहावं म्हणून जाळ्याचं शिशाचं मण्याएवढं वजन गाठवलं, वरची खुंटी पिळली, छेडून पाहिलं. टिंग... ओल्या पाखराने पहिल्यांदा तोंड उघडावं तसा आवाज.

"मी शिवा. तुम्ही ज्या तुळसाकाकींच्या घरात राहता ना, ती माझी आत्या. आणि हा लिफाफा आजच जायला हवा हां!"

बंद झालेलं पोस्ट मी पुन्हा उघडलं.

*

तंगूस ताणतं. संध्याकाळी लावलेला सूर सकाळी उतरलेला असायचा, भरतीनंतर पाणी मागे सरावं तसा. मग शिवा रोज यायला लागला. मासेमारीच्या बंदीचे दिवस. होड्या नारळाच्या झापांनी शाकारून किनाऱ्यावर निजलेल्या, आणि माणसं दारात जाळी विणत बसलेली. त्याला वेळच वेळ.

मोबाइलचे धडे पाहायला रेंज फक्त किल्ल्याच्या दरवाज्यात. तिथे पायरीवर आम्ही बसायचो. तो खुंटी पिळायचा आणि मी मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा हिरवा व्हायची वाट बघायचे.

"वर... अजून जरा वर... थांब, थांब! गेला पुढे."

"तू बोलत राहिलीस की हात पुढेच जातो," तो म्हणायचा.

माझ्या बोटांच्या टोकांना फोड आले. त्याने माझा हात उलटा करून पाहिला. त्याची बोटं दोर ओढून ओढून निबर झालेली, नारळाच्या सोडणासारखी.

"तुझी बोटं कोवळी, म्हणून दुखतात. माझ्या बोटांना तार लागते कुठे तेच कळत नाय. दोघांत मिळून एक चांगला हात झाला असता बघ!"

मी हात काढून घेतला. जरा उशिराच.

ताल मात्र मला सापडेना. मोबाइलमधला मुलगा एक-दोन-तीन-चार मोजायचा आणि माझा हात तीनवरच अडखळायचा.

"ते मोजणं सोड गो," शिवा म्हणाला. "आम्ही जाळं ओढतो तेव्हा कोण मोजतो? ओऽढ... सोड. ओऽढ... सोड. हात खाली येतो तेव्हा ओढ, वर जातो तेव्हा सोड. समोर दर्या हाय असं समज."

समोर दर्या होताच. ओऽढ... सोड. ओऽढ... सोड. आणि माझा हात पहिल्यांदा न अडखळता चालला. मी आनंदाने त्याच्याकडे वळले, तर तो माझ्या हाताकडे नाही, माझ्याकडे बघत होता...

*

आठवड्याभरात तारा आल्या. मीच मागवलेल्या. टपालाच्या थैलीतून पाकीट निघालं, वर माझंच नाव. आता तंगूस काढायचं, पोलादी तार चढवायची. मग सूर उतरणार नाही.

मग शिवा येणार नाही.

मी पाकीट उचललं आणि टेबलाच्या खणात, गोंदाच्या बाटलीमागे सरकवून दिलं. गावभरचं टपाल दारोदार पोचवणारी मी, स्वतःचं तेवढं अडवून बसले.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी होड्यांवरची झापं निघाली. एका रात्री जेवताना तुळसाकाकी सहज बोलून गेल्या, "शिवा आता रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या मोठ्या बोटीवर जातो हां. कागद झाले. किनाऱ्याला लागली तरी बर्फ-डिझेल भरून परत दर्यात. आता गावात यायचा तो शिमग्याला."

कागद झाले... म्हणजे तो लिफाफा! बंद पोस्ट उघडून मीच पाठवलेला! मी ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं.

काकींनी माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि भांडी आवरता आवरता ओवी धरली,

पयली माझी ओवी गो, दर्याच्या राजाला
नेलंस तसं आण रं, सुखरूप माझ्याला...

"काकी, ही मला शिकवा ना. गिटारीवर बसवते."

"बसव की. पण धक्क्यावर म्हणू नको हां! आमच्या आळीत जिचा माणूस होडीवर असतो, तिनंच पुनवेला म्हणायची ती. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं."

दोनच कॉर्ड लागल्या त्या ओवीला. जी आणि डी. चार दिवसांत बसली. शिवाला मात्र ऐकवली नाही.

*

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तो पोस्टात आला. आत्याचं एक पाकीट चिकटवायचं होतं.

"गोंद कुठे?"

"खणात," मी शिक्के मारता मारता म्हटलं... आणि शिक्का हवेतच राहिला.

उशीर झाला होता. एका हातात गोंदाची बाटली, दुसऱ्या हातात माझं पाकीट. त्याने वरचं नाव वाचलं. मग तारीख वाचली. मग पाकीट बोटांनी चाचपलं, आत वेटोळं घातलेल्या तारा.

"तीन आठवडे झाले ह्याला," तो म्हणाला.

"...हो."

"मग पोचवलं का नाय?"

"मालकीण भेटली नाही घरी."

मला वाटलं हसेल. तो हसला नाही. पाकीट माझ्यासमोर ठेवलं, हलकेच, अंड्यासारखं. दारातून वळून एवढंच म्हणाला, "आता भेटली ना मालकीण? मग ठरव म्हणावं तिला. उद्या होडी भरतीला सुटेल."

रात्रभर गिटार आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवून मी बसले. पक्की तार लावली तर सगळं लपून जाईल. तीन आठवड्यांचा तो थट्टेचा खेळ होता असं म्हणता येईल. आणि नाही लावली तर?

*

धक्क्यावर अख्खा गाव लोटलेला. पाऊस नुकताच थांबून उन्हाने खाडीवर सोनं सांडलेलं. पताका लावलेल्या होड्या, हळदीकुंकवाचे नारळ. मिरकरवाड्याच्या बोटीपर्यंत पोचवायला निघालेल्या होडीच्या टोकाशी शिवा उभा.

नारळ पाण्यात गेला. बायांनी ओवी धरली. आणि मी, राजापूरची, पोस्टाची बाय, गिटार छातीशी धरून पुढे झाले. हात तारांवर ठेवला. ओऽढ... सोड. ओऽढ... सोड.

पयली माझी ओवी गो, दर्याच्या राजाला...

एक एक बाई गप्प होत गेली. शेवटी माझा एकटीचा आवाज उरला आणि पाच तारा पोलादाच्या, एक तंगुसाची.

नेलंस तसं आण रं, सुखरूप माझ्याला...

"गो बाय!" तुळसाकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सांगितलं होतं ना तुला? तुझा कोण होडीवर?"

मी होडीकडे पाहिलं.

"मी हाय की, आत्ये!" होडीतून हाक आली. शिवाने धक्क्यावर उडी टाकली होती.

"मेल्या! आणि मला सांगत होतास गिटार दुरुस्त करतो म्हणून!"

बाया खळखळून हसल्या. तो माझ्यासमोर येऊन थांबला, पहिली तार छेडली. उतरलेली होती, नेहमीसारखी.

"बेसूर वाजली," मी पुटपुटले.

"तंगूस ताणतं, हे काय पोस्टाच्या बाईला आधी कळलं?" तो हळूच म्हणाला. "दर्यावर जगणाऱ्या खारव्याचा पोर मी. पहिल्या दिवशीच माहीत होतं, रोज यावं लागणार."

"लबाड!"

"तू खणात टपाल लपवणारी, आणि लबाड मी?" त्याने हात पुढे केला. "पाकीट आणलंस?"

आणलं होतं. पिशवीच्या तळाशी, ओढणीत गुंडाळून. त्याने ते घेतलं, प्लास्टिकमध्ये नीट बांधलं, त्या पहिल्या लिफाफ्यासारखंच, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवलं.

"अरे, तारा माझ्या आहेत!"

"तुझ्याच. पण टपाल आता माझ्याकडे हाय. शिमग्याला घरपोच मिळेल. मालकिणीने घरात राहावं म्हणजे झालं."

होडी सुटली. खाडीच्या तोंडाशी लाटांवर वर गेली, खाली गेली, वर गेली... मी धक्क्याच्या टोकाला बसले आणि पुन्हा ओवी धरली. तार आणखी जरा उतरली.

उतरू दे. शिमग्यापर्यंत मी खुंटीला हात लावणार नाही.