नदीला ओहोटी

परीक्षेला येताना मुलांनी पोटभर जेवून यावं, असा सरकारी आदेश निघाला त्या वर्षी खाडीकाठच्या बायका हसून हसून दमल्या होत्या. ‘ऊठ, अभ्यास कर’ म्हणत पाठीत धपाटे घालणाऱ्या या आया आता उशा घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहत आणि ‘नीट झोप हां, मधेच जागी होऊ नको’ असं बजावत. त्याला चार वर्षं होऊन गेली. हसू केव्हाच विरलं; धाकधूक मात्र जुन्या परीक्षांइतकीच राहिली.

यंदाही जेवणं झाल्यावर शिक्षिका वृंदाबाईंनी वर्गात सतरंज्या अंथरल्या, पडदे ओढले आणि पाचवीच्या मुलांच्या कपाळांवर एकेक पट्टी बांधली. मऊ कापडाची, आतून बारीक तारांनी विणलेली ही कपाळपट्टी मुलाला अलगद झोपवायची आणि एक स्वप्न दाखवायची. राज्यातल्या प्रत्येक मुलाला तेच स्वप्न, म्हणून त्याला समस्वप्न म्हणत. स्वप्नात एक नदी असे. पलीकडच्या काठावर दिवा लागलेलं घर. अलीकडे मोडका पूल, दोरखंड, चार फळ्या आणि बुडाला भोक पडलेली होडी. नदी ओलांडून त्या घरी जायचं, एवढाच प्रश्न. मूल आधी काय करून बघतं, फसलं तर पुढे काय करतं, हे पट्टी टिपून घ्यायची आणि त्यावरून त्याची पुढची शाळा ठरायची. जे मूल काहीच करत नाही त्याला ‘निष्क्रिय’ शेरा मिळे आणि त्याची रवानगी तालुक्याच्या सुधारवर्गात होई. तिथून कोणी परत आल्याचं वृंदाबाईंच्या ऐकिवात नव्हतं.

पंखा मंद फिरत होता. खाडीवरचा उजेड पडद्याच्या फटीतून शिरून छतावर हलत होता, आणि मुलांचे श्वास एका लयीत लागले होते. अशा वेळी वर्गात उभं राहिलं की वृंदाबाईंना आपणही पाण्याखाली आहोत असं वाटायचं.

निकालावर अंगठा उमटवायला शेंडगे नावाचे मूल्यमापन अधिकारी आले होते. भिंतीवरच्या पडद्यावर नदीचा नकाशा होता आणि काठावर प्रत्येक मुलाचा एकेक ठिपका.

“नदीकाठी हे झाड कुठलं? गेल्या वर्षी नव्हतं,” वृंदाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

“चिंच आहे. कुठल्याशा मुलीनं स्वप्नात आणली, आणि राहिली.” शेंडगे कौतुकानं म्हणाले. “नदी आपण देतो, बाई, रंग मुलंच भरतात. एखादीनं फार जिवंत काही पाहिलं, की समस्वप्न ते ठेवून घेतं. पुढच्या तुकडीला तेही दिसतं. शोभेपुरतं, म्हणून कोणी काढलं नाही.”

“आणि प्रश्न?”

“प्रश्न सगळ्यांना सारखा.” त्यांनी चष्मा पुसला. “आमच्या वेळी पेपरात विमानतळावरचा उतारा आला होता. मी तोवर एसटीत दोनदा बसलेलो. क्लास लावलेली मुलं पुढे गेली, आम्ही राहिलो माणदेशात शेरडं हाकत. इथं कोणाच्या बापाची ओळख चालत नाही.”

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि वृंदाबाईंची पंचाईत तीच होती. माणूस वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

ठिपके हलू लागले. कोणी फळ्या बांधल्या, कोणी होडीचं भोक बुजवलं. एकेक करत सगळे पार झाले. हर्षाली तांडेलचा ठिपका तेवढा चिंचेखाली जाऊन थांबला तो थांबलाच. त्याच्याभोवती निळं वर्तुळ उमटलं.

“मुदत संपली,” शेंडगे म्हणाले. “घंटा वाजवा, बाई. उठवा तिला.”

वृंदाबाईंनी कानाशी वाजवायची ती चिमुकली घंटा उचलली आणि हर्षालीपाशी बसल्या. पोरीचा चेहरा शांत होता. ही मुलगी निष्क्रिय? वर्गात प्रश्न पडायच्या आधी हिचा हात वर! मग ती अशी बसली का?

आणि त्यांना आपला गावातला पहिला आठवडा आठवला. बार्शीकडची बाई ती, पाणी म्हटलं की आडातलं नाहीतर नळाचं. साडीचा काचा मारून खाडीत उतरायला निघाल्या, तेव्हा खडकावर पाय हलवत बसलेली हीच टीचभर पोर म्हणाली होती, “बाई, बसा न. घाई केली तर कंबरभर, बसलात तर घोटाभर.” थोड्या वेळानं दोघी हातात चपला घेऊन चिखलातून पलीकडे चालत गेल्या होत्या.

“साहेब, ती नुसती बसलेली नाही,” वृंदाबाई म्हणाल्या. “ओहोटीची वाट बघतेय.”

शेंडगेंनी नकाशावरच्या पाण्यावरून बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाले, “पण बाई, या नदीला ओहोटी दिलेलीच नाही.”

ते खरंच होतं. ज्यांनी ती नदी रचली त्यांना पाणी आपणहून जातं हे सुचलं नसावं. पोरीनं जन्मभर वाट पाहिली तरी ते पाणी हलणार नव्हतं, आणि ती तर किती विश्वासानं बसली होती! वृंदाबाईंना रडू आवरेना. घंटा त्यांनी पदरात गुंडाळून टाकली.

“नियम मी मोडत नाही,” शेंडगे दुसरीकडे बघत म्हणाले. “पण चहा घ्यायचा राहिलाय माझा. तो होईपर्यंत अंगठा लावत नाही.”

चहा आला. शेंडगे तो बशीत ओतून फुंकत राहिले, निवल्यावरही. बाकीची मुलं उठून, पट्ट्या काढून पाय न वाजवता अंगणात गेली. आणि मग निळ्या वर्तुळातला ठिपका उठला. पूल सोडून, होडी सोडून नदीच्या मधोमध चालू लागला, जिथे पाण्याखेरीज काहीच नव्हतं. पडद्यावर अक्षरं आली: ‘मार्ग अस्तित्वात नाही’. ठिपका रमतगमत, मधे दोनदा वाकत, दिव्याच्या घरी पोचला.

हर्षालीनं डोळे उघडले.

“कशी गेलीस गं?” वृंदाबाईंनी तिला जवळ घेतलं.

“चालत. पानी गेलं न मग.” तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. “लय हळू गेलं पण. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, बाई. एक धरली नि सोडली.”

निवटी हा खाडीच्या चिखलातला मासा. समस्वप्नात कोणी मासे घातले नव्हते.

शेंडगे अंगठा लावायच्या निकालाच्या काचेसमोर उभे राहिले. तिथं ‘निष्क्रिय’ शब्द अंगठ्याची वाट बघत होता. “यंत्राच्या हिशेबी तिथं वाटच नाही, बाई. मी काय लिहू?” त्यांचा आवाज पडलेला होता. त्यांनी अंगठा उचलला, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दुपारची दुसरी तुकडी झोपलेल्या एका केंद्रावरून होता, त्यांच्याच माणदेशातल्या.

“साहेब, हितं इपरीतच झालंय,” पलीकडचा माणूस घाबरून मोठ्यानं बोलत होता. “पोरं बसल्यात की सगळी! चिंचंखाली. एक ठिपका हालंना. घंटा वाजवू का?”

शेंडगेंनी फोन कानापासून दूर धरला. त्या मुलांच्या गावच्या नदीत वाळू असते, पाणी नसतं. समुद्र त्यांच्यातल्या कोणी पाहिला नव्हता. वाट बघायला त्यांना कोणी शिकवलं?

सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या हर्षालीनं मोठी जांभई दिली. “वाजवू नका म्हनावं. पानी निघालं असंल.”

शेंडगे तिच्यासमोर उकिडवे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या मुलाला असा प्रश्न विचारत होते ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक नव्हतं. “किती वेळ लागेल गं?”

“पानी जाईल तेवढा.”

काचेवरचा ‘निष्क्रिय’ अजून लुकलुकत होता. इथं अंगठा लावला तर तिथल्या सगळ्या पोरांनाही तोच शेरा द्यावा लागणार होता. उठून त्यांनी अंगठा मुठीत मिटला आणि तो हात खिशात घातला. दुसऱ्या हातातल्या फोनमधून आवाज येतच होता.

“साहेब, ऐकताय न्हवं? उठवू का पोरास्नी?”