कल्याण सरांची परवानगी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच मोबाईलवर घडलंय, तेही भर दुपारी. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

यंदाची खंडेनवमी. सुपा एमआयडीसीतली आमची कंपनी. मी एचआरला, नवरा अंगद तिथेच प्रेस मशीनवर.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या पत्रांची टेम्प्लेट्स तयार असतात, फक्त नाव भरायचं. त्यात एक विम्याचं आहे. कामगार वारला की ते त्याच्या बायकोला जातं.

ते टेम्प्लेट बदलायची परवानगी फक्त आमच्या एचआरच्या साहेबांना, कल्याण सरांना होती. मी मागितली की म्हणायचे, "नगं पोरी. ह्ये पत्र माझ्यासारख्या म्हाताऱ्यानंच लिवावं."

सर श्रावणात गेले. हार्ट अटॅक.

खंडेनवमीच्या सकाळी मी त्यांचा आयडी बंद केला. परवानगी स्वतःकडे घेतली. मग सगळे कॉम्प्युटर बंद, मेन स्विचसुद्धा. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. पूजा झाली की त्या दिवशी आमच्याकडे कुणी बटणाला हात लावत नाही.

आम्ही प्रसाद घेत होतो. तेवढ्यात...

टक्... टक्... टक्...

सरांच्या केबिनमधून. एका बोटाने टायपिंग. सर तसंच करायचे.

मी आत गेले. कुणीच नव्हतं. स्क्रीन काळी. पण कीबोर्डवर ठेवलेला हार... कुणीतरी बाजूला सरकवला होता.

हातातला मोबाईल थरथरला.

'कल्याण सर यांनी टेम्प्लेट बदलले.'

सॉफ्टवेअरवाल्या तुषारला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, त्यांचा आयडी तर बंद आहे. तुम्हीच केलाय ना सकाळी?"

मी मोबाईलवर टेम्प्लेट उघडलं. 'श्रीमती' या शब्दापुढची जागा कायम रिकामी असते.

आज ती रिकामी नव्हती...

'श्रीमती मोनिका अंगद गर्जे.'

माझं नाव.

मी धावत प्रेसकडे गेले. अंगद मशीनपुढे नारळ फोडत होता. धडधाकट. मी तिथेच रडले.

"आगं, सॉफ्टवेअर गंडलं आसंल," तो म्हणाला. "लई मनाला लावून घेती तू."

मी नाव पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी... परत तिथेच.

तेव्हापासून रोज सकाळी पुसते. पुसल्याशिवाय त्याला घराबाहेर पडू देत नाही. तो दारात उभा राहून चिडवतो, "पुसलं का सायेब? जाऊ का आता?"

मला सरांचा रागही येतो. लेकीसारखं वागवलं त्यांनी मला. मग हे काय?

आज सकाळी उघडलं. नाव होतंच. पुसायला गेले, तर...

'हे टेम्प्लेट बदलण्याची तुम्हाला परवानगी नाही.'

तुषार शपथेवर सांगतो, त्याने माझी परवानगी काढलेली नाही.

अंगदला आज कामावर जाऊ दिलं नाही. चिडून झोपलाय. त्याच्या उशाशी बसून हे लिहितेय. त्याची छाती वर येताना दिसली, की मगच पुढचं वाक्य लिहिते.