पस्तीस स्पोक

इंटरनेटवर टाकलेल्या तिच्या चित्राखाली तीनशे जणांनी ‘वा!’ लिहिलं होतं आणि तिची नजर नेमकी तीनशे एकाव्यावर गेली. ‘तेलकट बोटं’ असं नाव लावणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘सायकलच्या मागच्या चाकाला छत्तीस स्पोक असतात. इथे पस्तीस आहेत. हे यंत्रानं काढलेलं चित्र आहे.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सायकल पुसत बसलेले तिचे बाबा, तीन आठवडे खपून काढलेले! तिनं रागारागानं चित्रातले स्पोक मोजले... पस्तीसच भरले.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. मुलांच्या पुस्तकासाठी तिला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. “लोक शंका घेतायत गं. कच्ची चित्रं पाठव, म्हणजे प्रश्नच मिटला.”

कच्ची चित्रं! ती तर तिनं कधीच फाडून टाकली होती. घरी पाहुणे आले की खरकटी भांडी कोण दाखवतं, असं तिचं म्हणणं. मानी होती पोरगी. आयुष्यातलं पहिलं पुस्तक त्या मानापायी हातचं चाललं होतं.

रविवारी सकाळी अकरा वाजता तिनं टेबलाच्या वर फोन उलटा टांगून थेट प्रक्षेपण सुरू केलं, अंगणात बाबांना सायकलसकट बसवलं आणि सगळ्यांदेखत तेच चित्र नव्यानं काढायला घेतलं.

“हलू नका हं, बाबा.”

“वीस मिनिटं झाली. नाक खाजतंय.”

बघणारे हसले. चित्रात बाबांचं कोपर वाकडं गेलं. तिनं खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं... लोक बघत होते आणि पहिल्यांदाच तिला त्याची लाज वाटत नव्हती. चाक काढताना मात्र तिनं मोजायचं नाही असं ठरवलं. दिसेल ती रेघ काढायची, बस्स.

चित्र संपलं तशी ‘तेलकट बोटं’ हजर. ‘पुन्हा पस्तीस!’

“बाबा, चाकाचे स्पोक मोजा हो जरा,” ती कशीबशी म्हणाली.

बाबांनी बोट लावून मोजलं. मग मान वर करून त्यांनी अख्ख्या जगाला ऐकू जाईल असं सांगितलं, “पस्तीस! एक तुटलाय वाटतं. मला मेल्याला पत्ता नाही आणि माझ्या लेकीनं बघितलं!”

तिचा ऊर भरून आला. पुस्तक तिलाच मिळालं.

संध्याकाळी दारात एक उंच, अवघडलेला तरुण उभा होता. हातात एक नवा स्पोक, बोटं खरोखरच तेलकट.

“मी... पलीकडच्या चौकात सायकली दुरुस्त करतो. अंगण ओळखलं. चित्रंही काढतो, टायरच्या खोक्यांवर. चूक झाली माझी. हा बसवून देतो.”

“काही नको!” ती म्हणाली. “हा बसवला की माझं चित्र खोटं ठरेल.”

“मग कधी बसवू?”

“बघू. तोवर खोकी आणा, दाखवा तरी काय काढता ते.”

तो दर रविवारी यायला लागला. खोक्याच्या एका बाजूला तो काढायचा, दुसऱ्या बाजूला ती. ती खोडायची तेव्हा तो मुद्दाम टक लावून बघायचा. “काय बघता?” “तुमची खरकटी भांडी.” ती खोडरबर फेकून मारायची. नवा स्पोक तिच्या पेन्सिलींच्या डब्यात उभा होता. बाबा रोज त्या स्पोककडे बघायचे आणि पस्तीस स्पोकांचीच सायकल पुसत बसायचे.

पुस्तक छापून आलं. पहिली प्रत तिनं त्याच्या हातात दिली. शेवटच्या पानावर तीच सायकल होती, बाबा पुढे आणि मागे बसलेलं कुणीतरी उंच, अवघडलेलं. सवयीप्रमाणे त्याचं बोट चाकावर फिरायला लागलं.

“चौतीस... पस्तीस... छत्तीस?” तो गोंधळला. “पण स्पोक तर अजून डब्यातच आहे. तुम्ही डोळ्यांना दिसतं तेवढंच काढता ना?”

“हो,” ती म्हणाली. गाल तापले होते, पण मान ताठ होती. “हे एकच चित्र न बघता काढलंय. तू बसवशील म्हणून... आणि मग इथेच राहशील म्हणून.”

डब्यातला स्पोक उचलून तो अंगणात गेला.

“बाबा,” त्यानं हाक मारली, “सायकल जरा इकडे घेता?”