सोमवारच्या आत ऑइल

आधी मला त्याचे बूट दिसले. तपकिरी, चकचकीत पॉलिश केलेले. मी गाडीखाली उताणी पडले होते आणि ते बूट माझ्या कानाजवळ येऊन थांबले.

"हा पुठ्ठा तुमचाच ना? उडून आमच्या अंगणात आला."

डलूथ शहरात सरोवरावरून वारा सुटला की काहीच जागेवर राहत नाही. पण मी दचकले ती त्या आवाजाने. हाच आवाज सकाळी गाडीच्या शोरूममधून फोनवर किती गोड म्हणाला होता — ऑइल बदलणं गुरुवारच्या आत जमणार नाही, मॅडम.

"शोरूमच्या काउंटरवरचे तुम्हीच ना?" मी खालूनच विचारलं.

बूट चुळबुळले. "म्हणजे... ती निळी गाडी हीच? मी टोबिन. शेजारी नवीनच राहायला आलोय."

"माझं नाव मारेन. सोमवारी माझी पहिली नोकरी सुरू होतेय. पाणी तपासायचं केंद्र, इथून दोन तासांवर. तुमच्या गुरुवारपर्यंत कोण थांबणार?"

"घरी ऑइल बदलणारे शेवटी आमच्याकडेच येतात. ओढून आणलेले."

"आणि तुम्ही स्वतः कितीदा बदललंय?"

बूट एक पाऊल मागे सरकले. "मी फक्त तारखा देतो."

मला इतकं हसू आलं की हातातला पाना निसटला. तेव्हा तो वाकून खाली डोकावला आणि पुठ्ठा आत सरकवला. करडे डोळे, थंडीने लाल झालेला नाकाचा शेंडा. त्याच्याशी बोलता बोलता मी जुनं ऑइल काढून टाकलं, जुना फिल्टर सोडवला, नवा आवळला, वरून ऑइल ओतलं. लक्ष मात्र फिल्टरवर कमीच होतं.

गाडी सुरू केली, आणि पुठ्ठ्यावर मधाच्या रंगाचं तळं पसरलं.

"बंद करा!" टोबिन ओरडला.

मी चावी फिरवली. सोमवार गेला...

"गाडी न्यायला कुणाला बोलावू?" त्याने हळूच विचारलं. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त झोंबलं.

"थांबा." गळती फिल्टरपाशीच होती. मी जुना फिल्टर उचलून पाहिला. त्याच्या तोंडाची रबरी रिंग गायब! ती इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. एका जागी दोन रिंगा — गळणार नाही तर काय?

जुनी रिंग नखाने सोलून काढली, जागा पुसली, फिल्टर पुन्हा बसवला. ऑइल कमी पडलं, तर टोबिन न सांगताच रिकामा डबा नमुन्याला घेऊन दुकानात पळाला.

पुन्हा चावी. इंजिन गुरगुरलं. थोड्या वेळाने ते बंद करून मी गाडीखाली शिरले, तर टोबिन इस्त्रीच्या शर्टासकट सरळ खडीवर आडवा झाला आणि माझ्या शेजारी सरकला. टॉर्च आम्ही दोघांनी मिळून धरला होता.

"कोरडं ठणठणीत," तो म्हणाला. "जिंकलीस तू."

तू... मला ते फार आवडलं.

"मग तोंड का उतरलंय तुझं?"

"गाडी बिघडली असती तर सोमवारी मीच तुला सोडायला आलो असतो. दोन तास शेजारी बसायला मिळालं असतं. आता काही कारणच उरलं नाही."

"कारण लागतं?" मी काळ्याकुट्ट बोटांनी त्याची कॉलर धरली आणि ओठ त्याच्या ओठांवर टेकवले.

तो उठायला गेला आणि डोकं खालच्या पत्र्यावर आपटलं. आम्ही हसत हसतच बाहेर आलो.

"बस," मी त्याच्यासाठी दार उघडलं. "केंद्राचा रस्ता आत्ताच बघून येऊ. गाडी मी चालवणार."

किनाऱ्यालगतच्या पहिल्याच चढावर मी काच खाली केली आणि सरोवराकडे तोंड करून मनसोक्त ओरडले. टोबिन माझ्याहून मोठ्याने ओरडला.